जीवशास्त्राच्या तासाला आधी प्रश्न की आधी व्याख्या?

हरितद्रव्य

जीवशास्त्र म्हणजे पाठांतर, हा समज मुलं घरून घेऊन येत नाहीत. तो आपण वर्गात करून देतो. धडा उघडला की पहिल्या ओळीत व्याख्या, दुसऱ्या ओळीत प्रकार, तिसरीत "आकृती काढून भागांना नावे द्या". ती व्याख्या ज्या प्रश्नाशी कुणीतरी वर्षानुवर्षं झटून मिळवली, तो प्रश्न मात्र धड्यात कुठे दिसत नाही. मी माध्यमिकच्या वर्गांना हा विषय शिकवते. आता माझी एक रीत बसली आहे, ती इथे मांडते. खुसपटं जरूर काढा.

रीत एवढीच : उत्तर आपल्याला माहीत असलं तरी लगेच द्यायचं नाही. आधी प्रश्न. मग प्रत्येकाचा अंदाज वहीत, पेनाने, खाडाखोड न करता. मग पुरावा. व्याख्या सगळ्यात शेवटी.

प्रकाशसंश्लेषणाचं उदाहरण घ्या. त्या तासाला मी एक बी आणि लाकडाचा चांगला जाड ओंडका घेऊन जाते. बी एका हातात, ओंडका टेबलावर. "एवढ्याशा बीपासून एवढं लाकूड झालं. हा सगळा माल आला कुठून?" समीकरण घडाघडा म्हणणारी मुलंसुद्धा वहीत "मातीतून" असं लिहितात. काही "पाण्यातून" लिहितात, दोनचार जण "सूर्यप्रकाशातून". हवेचं नाव क्वचितच येतं. म्हणजे समीकरण पाठ आहे, त्यात कार्बन डायऑक्साइड आहे, आणि तरी ओंडका समोर आला की डोकं मातीकडेच धावतं.

मग मी फान हेल्मोंट या सतराव्या शतकातल्या संशोधकाची हकीकत सांगते. या माणसाने सुमारे ९० किलो कोरडी माती कुंडीत भरली, त्यात सव्वादोन किलोचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं सुमारे ७७ किलोचं. माती पुन्हा वाळवून तोलली तर जेमतेम ५०-६० ग्रॅम कमी. १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापून आलं. इथे मी थांबते. "माती" लिहिलेल्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात. "पाणी" लिहिलेले बाकावर ताठ होऊन बसतात, कारण हेल्मोंटचाही निष्कर्ष तोच होता : झाड पाण्यापासून बनतं!

खरी गंमत पुढे आहे. "गॅस" हा शब्द याच हेल्मोंटने रूढ केला. कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या वायूबद्दल त्याने लिहून ठेवलंय, आणि तो वायू म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. झाडाचा माल ज्या वायूतून येतो तो या माणसाला ठाऊक होता, पण झाडाशी त्याचा संबंध त्याने जोडला नाही. हे सांगितलं की "पाणी"वाल्यांनाही चूक मान्य करायला जड जात नाही.

त्यानंतर हायड्रिला, ही पाण्यात वाढणारी वनस्पती. चंचुपात्रात साधं पाणी, दुसऱ्यात उकळून गार केलेलं, तिसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेलं. तिन्हींवर सारखाच उजेड. मुलं बुडबुडे मोजतात. कुठे जास्त, कुठे कमी, आणि का, हे त्यांनीच सांगायचं. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो आणि तो हवेतून येतो, हे वाक्य मी तेव्हा कुठे उच्चारते. हवेत हा वायू ०.०४ टक्क्याच्या आसपास असतो हे ऐकून पुन्हा एक गलका होतो, तो होऊ द्यायचा.

आणखी एक सवय लावून घेतली आहे : प्रश्न विचारल्यावर गप्प बसणं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, "माहीत नाही" कमी झालं. तीन सेकंद गप्प राहणं किती अवघड आहे ते करून बघा.

तुमच्याकडे काय चालतं, काय फसतं, लिहा.

---

पानापानांत

+१. तीन सेकंदांचं पूर्ण पटलं. उत्तर आल्यावरही तेवढंच थांबायचं, "बरोबर" म्हणायची घाई करायची नाही. आपण "बरोबर" म्हटलं की बाकीच्यांचा विचार तिथेच थांबतो.

---

खडूफळा

मॅडम, लिहिलंय छान. पण वर्गात साठ मुलं, तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली पाच हजेरीत जातात. तीन सेकंद थांबायला सांगता, तेवढ्यात मागचा बाक पेटतो. ओंडका, हेल्मोंट, हायड्रिला हे सगळं केलं तर एकाच धड्याला आठवडा लागेल. उरलेला अभ्यासक्रम कुणी पुरा करायचा?

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. मुलाला स्वतःच्या हाताने चुकीचं उत्तर लिहायला लावायचं, तेही पेनाने. हुशार मुलांना मजा येते, ती पुढे जातात. कच्च्या मुलाच्या डोक्यात "माती" हेच बसून राहतं, कारण त्याने ते स्वतः लिहिलेलं असतं. तुमच्या पुराव्याच्या वेळी तो खिडकीबाहेर बघत असतो.

---

चौकस_चिमणी

मी शिक्षिका नाही, आई आहे. माझी मुलगी नववीत आहे. "जीवशास्त्र म्हणजे नुसत्या याद्या" असं म्हणते. ओंडक्याचा प्रश्न रात्री घरी विचारला. मुलगी "माती" म्हणाली आणि तिचे बाबाही "माती" म्हणाले, आणि ते इंजिनियर आहेत. वाद अजून मिटलेला नाही. असे आणखी प्रश्न असतील तर सांगा.

---

अर्धपारगम्य

मी प्रयोगशाळेत काम करतो, अधूनमधून शाळांत जातो. खडूफळा सरांचा दुसरा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. २००६ मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांचा एक गाजलेला लेख आला होता. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ज्या विषयात मूल नवखं आहे तिथे "तुझं तूच शोध" म्हणून त्याला सोडून दिलं तर ते फारसं काही शिकत नाही, सगळी शक्ती चाचपडण्यातच जाते. त्यावर उलटसुलट भरपूर लिहिलं गेलंय, पण मूळ इशारा मला रास्त वाटतो.

फक्त हरितद्रव्य मॅडम जे करतायत ते "तुझं तूच शोध" नाही. प्रश्न त्यांनी निवडला, पुरावा त्यांनी निवडला, क्रमही त्यांचाच. मुलाच्या वाट्याला अंदाज आणि अर्थ लावणं एवढंच आहे. हा फरक कळला नाही तर ही रीत उचलणारे निम्मे शिक्षक मुलांना चंचुपात्र देऊन स्वतः वह्या तपासत बसतील.

मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची आहे : तमाशाची. विज्ञान "रंजक" करायचं म्हणजे फेस काढायचा, रंग बदलायचा, फुगा फुगवायचा. केळ्यातून डीएनए काढण्याचा प्रयोग घ्या. केळं कुस्करा, मीठ-साबणाचं पाणी घाला, गाळा, वरून गार अल्कोहोल सोडा, पांढरे धागे तरंगतात. मुलं टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. "डीएनए बघितलास?" "हो!" काय बघितलं? पांढरा चिकट गोळा. त्यात डीएनए आहे हे खरं, पण प्रथिनं आणि पेशीतला बाकीचा कचराही आहे, आणि डीएनएची गुंडाळी काही त्यात दिसत नाही. घरी गेलेल्या मुलाला या तासातून एकही नवी गोष्ट कळलेली नसते.

हाच प्रयोग असा करून बघा : एका गटाला साबण द्यायचा नाही, दुसऱ्याला मीठ द्यायचं नाही, तिसऱ्याला अल्कोहोल कोमट द्यायचं (बाटली नुसती कोमट पाण्यात धरून, ज्योतीवर अजिबात नाही). आधी लिहून घ्यायचं, कुणाचं काय बिघडेल. साबण नसेल तर पेशीचं आणि केंद्रकाचं आवरण नीट फुटत नाही, कारण ती आवरणं मेदाची असतात. हे एकदा वहीत लिहून झालं की पेशीपटलाचा धडा निम्मा शिकवून झाला.

---

हरितद्रव्य

अर्धपारगम्य, गटागटाला एकेक पदार्थ कमी द्यायचा, हे मी या वर्षीच उचलणार.

खडूफळा सर, वेळेबद्दल : प्रत्येक धड्याला हे करायचं नाही. वर्षातून चारपाच ठिकाणीच करते, जिथे मुलांची घरगुती समजूत आणि पुस्तक यांची टक्कर होते. झाडाचं अन्न, श्वसन म्हणजे नुसता श्वासोच्छ्वास नव्हे हे, अनुवंशिकता, उत्क्रांती, रोगजंतू. प्राण्यांचं वर्गीकरण मी सरळ फळ्यावर तक्ता काढून शिकवते, त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

कच्च्या मुलाबद्दल : अंदाज लिहून घेतला आणि सोडून दिला तर तुम्ही म्हणता तेच होईल. म्हणून तासाच्या शेवटी सगळ्यांनी मागच्या पानावर जायचं आणि अंदाजाखाली एक वाक्य लिहायचं : "मला असं वाटलं होतं कारण..., पण... दिसलं, म्हणून..." हे वाक्य मी तपासते, अंदाज नाही. अंदाजाला मार्क नाहीत हे पहिल्या दिवशीच सांगून टाकायचं, नाहीतर मुलं शेजारच्याचा अंदाज उतरवून घेतात.

आणि पेनाचा आग्रह का? पेन्सिलने लिहिलेलं पुसता येतं. उत्तर कळल्यावर मुलं गुपचूप अंदाज बदलतात आणि "मला आधीपासून माहीत होतं" म्हणतात. मोठी माणसंही हेच करतात, फक्त त्यांना वही लागत नाही.

---

मागचा_बाक

मी तोच, जो पेटायचो. :-)

आमच्या वेळी जीवशास्त्र म्हणजे आकृत्या. पट्टीने रेघ, रेघेच्या टोकाला नाव, सगळी नावं उजव्या बाजूला एकाखाली एक. हृदयाच्या आकृतीत निळा-लाल रंग दिला नाही म्हणून एक मार्क गेला होता. माणसाच्या शरीरात निळं रक्त नसतं हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आकृत्या बंद करा, मुलं आपोआप विषयात रस घेतील.

---

पानापानांत

मागचा_बाक, आकृत्या बंद नका करायला लावू! आकृती उतरवणं वेगळं आणि बघून काढणं वेगळं, एवढं कळलं की पुरे.

कांद्याच्या पापुद्र्याचा तास माझ्याकडे असा असतो : पुस्तक दप्तरात, भिंतीवरचा तक्ता उलटा. पापुद्रा सोला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, आयोडिनचा थेंब, वरून आवरणकाच. "जे दिसेल ते काढा." दर वर्षी पहिल्या फेरीत निम्मी मुलं काय काढतात माहितीये? एकदम गोल, जाड काळ्या कडेचे, सुबक गोळे. हवेचे बुडबुडे! कारण पेशी गोल असते असं डोक्यात पक्कं बसलंय आणि बुडबुडा सगळ्यात ठळक दिसतो. मी काही बोलत नाही. शेजारच्याशी वही बदलायला सांगते. एकाच्या वहीत गोळे, दुसऱ्याच्या वहीत विटांच्या भिंतीसारखे लांबट चौकोन. "एकच कांदा, मग दोन चित्रं कशी?" मग एखादं पोर आवरणकाच टाचणीने हलकेच दाबतं, गोळा सरकतो, चौकोन जागच्या जागी राहतात. त्याच क्षणी अख्ख्या वर्गाला कळतं की सूक्ष्मदर्शकात डोळा लावला म्हणजे दिसलं असं होत नाही, बघायला शिकावं लागतं.

रॉबर्ट हूकने १६६५ मध्ये बुचाच्या कापात कप्पे बघून त्यांना "सेल" नाव दिलं. ते कप्पे रिकामे होते, मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. त्याने जे दिसलं तेच काढलं, मनाने केंद्रक घातलं नाही. आपली मुलं कांद्यात न दिसलेल्या तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे सूक्ष्म भाग) काढतात, कारण पुस्तकात आहेत. मी अशा प्रत्येक तंतुकणिकेपुढे प्रश्नचिन्ह काढते आणि "दाखव" म्हणते.

---

खडूफळा

सूक्ष्मदर्शक आहे. एकच. आरसा फुटलेला आणि साठ मुलं रांगेत. प्रत्येकाने डोळा लावेपर्यंत घंटा होते.

---

पानापानांत

मग सूक्ष्मदर्शकाशिवाय चालतील असे प्रयोग घ्या सर.

काचेच्या ग्लासात ओला टीपकागद, कागद आणि काच यांच्यामध्ये वालाच्या बिया, एक सरळ, एक आडवी, एक उलटी. "उलट्या बीचं मूळ कुठे जाईल?" अंदाज लिहायचा. चारपाच दिवसांनी मूळ वळून खाली गेलेलं असतं. मग ग्लासच आडवा करून ठेवायचा आणि पुन्हा अंदाज. रोज वर्गात शिरताना मुलं आधी खिडकीतल्या ग्लासाकडे जातात, फळ्याकडे नंतर.

पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावा, सुकलं की चिकटपट्टीने उचला. पर्णरंध्रांचा, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रांचा, ठसा मिळतो. तो बघायला भिंग पुरत नाही, सूक्ष्मदर्शक लागतोच, पण ठसे महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजे रांग एका तासात संपवायची गरज नाही. रोज पाच मुलं, मधल्या सुट्टीत.

कागदाचा सूक्ष्मदर्शकही आहे, फोल्डस्कोप. स्टॅनफर्डमध्ये मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवला, २०१४ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. घडी घालून तयार होतो, सुमारे १४० पट मोठं दाखवतो. कांद्याच्या पेशींना भरपूर.

---

परीक्षार्थी

मी विद्यार्थिनी आहे, मध्येच तोंड घालते. आमच्या मॅडम साधारण असंच शिकवतात आणि मला त्यांचा तास आवडतो. पण खरं सांगू का? माझी मैत्रीण दुसऱ्या तुकडीत आहे. तिथे सर उत्तरं लिहून देतात, ती पाठ करते, तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडतात. पर्णरंध्रं दुपारी का मिटतात ते मी समजावून सांगू शकते, ती नाही सांगू शकत. पण पेपरात "पर्णरंध्रांची दोन कार्ये लिहा" असंच येतं.

---

खडूफळा

हेच. मूल म्हणतंय बघा.

---

हरितद्रव्य

परीक्षार्थी, बरं केलंस लिहिलंस. तुझं म्हणणं खोडून काढायला माझ्याकडे काही नाही, पेपर तसेच असतात. म्हणून मी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवते. व्याख्या पुस्तकातल्या भाषेत, शब्दन्‌शब्द, वहीत चौकटीत. "दोन कार्ये लिहा" याचं उत्तर दोन ओळींत कसं लिहायचं तेही शिकवते. ही परीक्षेची भाषा आहे, ती यायलाच हवी. समजलेल्या मुलाचे मार्क नुसत्या मांडणीपायी जावेत हे मला पटत नाही.

माझ्या घटक चाचणीत मात्र एक प्रश्न नेहमी बिनपुस्तकी असतो. उदाहरणार्थ : "बंद काचेच्या बरणीत एक रोप आणि एक गोगलगाय ठेवली. बरणी काळ्या कापडाने झाकली. आतल्या कार्बन डायऑक्साइडचं काय होईल आणि का?" रोप अंधारातही श्वसन करतं हे विसरून "रोप तो वायू शोषून घेईल" लिहिणारी पुष्कळ निघतात. पाठांतरवाल्यांची दांडी इथेच उडते. या प्रश्नाला मार्क कमी ठेवते, पण चर्चा सगळ्यात जास्त याच प्रश्नावर होते.

---

अर्धपारगम्य

गोगलगाईचा प्रश्न झकास. (कागदावरच ठेवा, गोगलगाय खरी आणू नका.)

यावरून सुरक्षिततेचं थोडं, कारण उत्साहाच्या भरात राहून जातं. मोबाइल आणि दाराच्या कड्या यांच्यावरचे जिवाणू पेट्री बशीत वाढवायचा प्रयोग लोकप्रिय आहे. करायचाच तर बशी चिकटपट्टीने बंद करायची आणि नंतर कधीही उघडायची नाही, झाकणावरूनच बघायची. शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशाला ठेवायची नाही, कारण आपल्याला आजारी पाडणारे जंतू तिथेच जोमाने वाढतात. आणि शेवटी निर्जंतुक करूनच टाकायची. ही सोय नसेल तर प्रयोग नको. पानातलं हरितद्रव्य काढायला अल्कोहोल थेट ज्योतीवर कधीही नको, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून, ज्योत विझवूनच. बोटाला सुई टोचून रक्तगट बघणं शाळेत करूच नये असं माझं मत आहे.

---

चौकस_चिमणी

सगळं वाचतेय. एक नाजूक विचारते. प्रजननाचा धडा मुलीच्या वर्गात "घरी वाचून या" म्हणून सोडून दिला. तिथे तुमची ही प्रश्न-आधी रीत कशी चालवता? त्या तासाला हात कोण वर करणार?

---

पानापानांत

तिथे हात वर करायलाच लावायचं नाही. धडा सुरू करायच्या आधी सगळ्यांना सारख्या मापाच्या चिठ्ठ्या. प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. ज्याला प्रश्न नाही त्याने "मला प्रश्न नाही" हे वाक्य तीन वेळा लिहायचं. ही अट महत्त्वाची आहे, कारण नाहीतर ज्याचं पेन जास्त वेळ चाललं त्याच्याकडे सगळे बघतात. नाव नाही, घडी घालून डब्यात.

चिठ्ठ्या मी घरी वाचते, वर्गात नाही. दहाबारा प्रश्न निवडून माझ्या शब्दांत, माझ्या अक्षरात लिहून आणते, म्हणजे अक्षर ओळखलं जात नाही. धडा त्याच क्रमाने शिकवते. चावट प्रश्न येतात, येणारच. त्यातल्या बऱ्याचशा चावटपणाखाली एखादी खरी भीती असते, तिचं उत्तर सरळ आवाजात दिलं की खिदळणं आपोआप ओसरतं. चिठ्ठीतून कुणाला त्रास होत असल्याचं दिसलं तर मात्र तो विषय वर्गाचा राहत नाही, तिथे समुपदेशकाकडे जायचं.

---

खडूफळा

चिठ्ठ्यांचं जमण्यासारखं आहे. साठ मुलांतही. ओंडक्याचंही करून बघतो म्हणा एकदा. एक शंका : लाकूड ओलं आणायचं की वाळलेलं?

---

हरितद्रव्य

वाळलेलंच, सर. ताज्या लाकडात पाण्याचं वजन खूप असतं. मग "पाणी"वाले म्हणतात आम्हीच बरोबर, आणि त्यांना चूक म्हणता येत नाही.

---

मागचा_बाक

अनुवंशिकतेला काय करता? आमच्या वेळी सगळ्यांना जीभ वळवायला लावली होती. ज्याला वळवता येते त्याचं जनुक प्रभावी. माझी वळत नव्हती आणि आईबाबा दोघांची वळायची. त्यावरून वर्गात जे काही ऐकून घेतलंय!

---

अर्धपारगम्य

हे ऐकून राग येतो, कारण दोघांचीही वळते म्हणून मुलाची वळलीच पाहिजे हे "प्रभावी" जनुकाच्या नियमातही बसत नाही. दोघांकडे जनुकाची एकेक अप्रभावी प्रत (प्रभावी प्रत सोबत असली की जिचा परिणाम दिसत नाही अशी) असेल तर मुलाची न वळण्याची शक्यता चारात एक. त्याउपर मूळ उदाहरणच लंगडं आहे. जीभ वळवणं अनुवंशिक आहे असं १९४० मध्ये अनुवंशशास्त्रज्ञ स्टर्टव्हंट यांनी मांडलं. १९५२ मध्ये मॅटलॉक यांनी एकसारख्या जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या, त्यातल्या ७ जोड्यांत एकाची वळत होती, दुसऱ्याची नाही. जनुकं तीच, जीभ वेगळी. स्टर्टव्हंट यांनी पुढे स्वतःच हे उदाहरण मागे घेतलं, तरी पुस्तकांतून आणि वर्गांतून ते चालूच आहे.

म्हणून माझी कळकळीची विनंती : मुलांच्या स्वतःच्या घरातली लक्षणं गृहपाठाला देऊ नका. दत्तक मुलं असतात, एका पालकाबरोबर राहणारी असतात. एकच जनुक ठरवतं अशी डोळ्यांना दिसणारी लक्षणं माणसात फार थोडी, आणि जी सहज सांगितली जातात ती बहुतेक अशीच लंगडी.

---

मागचा_बाक

मग वापरायचं काय?

---

हरितद्रव्य

मेंडेलच्या वाटाण्याच्या प्रयोगांतले खरे आकडे. पुस्तकात "३:१" एवढंच छापतात, त्यामुळे मुलांना वाटतं वाटाण्याने आज्ञा पाळल्यासारखे तीनास एक दाणे दिले. मी फळ्यावर त्याची मोजणी लिहिते : गोल ५,४७४, सुरकुतलेले १,८५०. पिवळे ६,०२२, हिरवे २,००१. उंच रोपं ७८७, बुटकी २७७. भागाकार मुलांनी करायचा. २.९६, ३.०१, २.८४. "एकही नेमका तीन नाही. मग त्याने तीन कुठून आणला?" इथून शक्यतेवर बोलणं सुरू होतं आणि गणिताच्या सरांना बोलावून आणावं लागतं.

मग नाणी. दोघांची जोडी, प्रत्येकाकडे एक नाणं. छाप म्हणजे प्रभावी, काटा म्हणजे अप्रभावी. एकदम उडवायची. दोन्ही काटे आले तर बुटकं रोप, बाकी सगळी उंच. प्रत्येक जोडीने २० वेळा. आधी अर्थातच अंदाज. जोडीजोडीचे आकडे वाटेल तसे येतात, कुणाला ११:९, कुणाला १८:२. सगळ्यांची फळ्यावर बेरीज केली की गुणोत्तर तीनाच्या जवळ सरकतं. मेंडेलने हजारोंनी दाणे का मोजले, ते कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

---

खडूफळा

हे साठ मुलांना उलट जास्त सोयीचं. तीस जोड्या, सहाशे फेकी. आणि एखाद्या जोडीला नेमकं १५:५ आलं तर?

---

अर्धपारगम्य

पाचातल्या एखाद्या जोडीला ते सहज येईल, त्यात वावगं काही नाही. सगळ्याच जोड्यांना आलं तर मात्र मागच्या बाकावर कुणीतरी नाणं न उडवता तक्ता भरतंय असं समजा. १९३६ मध्ये संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी मेंडेलच्या बाबतीत साधारण हीच शंका काढली होती : आकडे अपेक्षेशी जरा जास्तच जुळतात. वाद अजून चालू आहे.

---

मागचा_बाक

म्हणजे आमची परंपरा थोर आहे तर!